एरिख गुटेनबर्ग यांची कारकीर्द आणि जर्मन व्यवस्थापन-प्राध्यापकाची वाट : थोडी माहिती हवी आहे

कोरा_हिशेब

एरिख गुटेनबर्ग यांच्यावर मराठीत एक नोंद लिहायला घेतली आहे. (छापखानेवाले योहानेस गुटेनबर्ग नव्हेत. हे विसाव्या शतकातले, कोलोन विद्यापीठातले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक.) आतापर्यंत जमलेले टप्पे असे: जन्म १८९७, हेरफोर्ड. हाले येथे डॉक्टरेट. १९२८ साली म्युन्स्टर येथे 'हाबिलिटात्सिओन'. पुढची दहा वर्षे विद्यापीठात नोकरी दिसत नाही. १९३८ क्लाउस्टाल, १९४० येना, युद्धानंतर फ्रँकफुर्ट, १९५१ कोलोन, १९६६ एमेरिटस. मृत्यू १९८४.

अडचणी अशा:

१. हाबिलिटात्सिओनला मराठीत 'पोस्ट-डॉक' म्हणून मोकळे व्हावे का?
२. माणूस एवढी गावे का बदलतो? बदल्या व्हायच्या की कुठे पटले नाही?
३. तुलनेसाठी आजच्या काही जर्मन प्राध्यापकांचे सी.व्ही. उघडले, तर 'अमुक विद्यापीठाचा रूफ, नाकारला', 'पी.डी.', 'ए.पी.एल. प्रोफेसर', 'डब्ल्यू२' असे काय काय लिहिलेले. हे नेमके काय असते?
४. हे जरा अवांतर. भाचीने पुण्यात एम.कॉम. केले आहे आणि तिला याच विषयात तिकडे डॉक्टरेट करायची आहे. ही वाट आज कशी आहे?

राईनकाठ

'पोस्ट-डॉक' अजिबात लिहू नका. पोस्ट-डॉक ही नोकरी असते आणि हाबिलिटात्सिओन ही परीक्षा. डॉक्टरेट झाल्यावर दुसरा मोठा प्रबंध प्राध्यापकमंडळाला सादर करायचा (आज बहुतेक जण शोधनिबंधांचा संच देतात), तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, मग मंडळासमोर व्याख्यान द्यायचे आणि त्यावर प्रश्नोत्तरे. हे सगळे पार पडले की 'वेनिया लेगेंडी' मिळते, म्हणजे ठरावीक विषय विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार. गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट थ्युनेन या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या 'एकाकी राज्य' या ग्रंथावर, म्हणजे शुद्ध अर्थशास्त्रातली. म्युन्स्टरचा दुसरा प्रबंध मात्र 'उद्योगसंस्था हा व्यवस्थापनशास्त्रीय सिद्धांताचा विषय' या धाटणीचा. तो १९२९ साली पुस्तकरूपाने आला. पुढे १९५१ पासून आपल्या मुख्य ग्रंथात जे मांडले त्याची मुळे त्यातच आहेत, तेव्हा तुमच्या नोंदीत त्याला दोन ओळी तरी द्या.

आता ती दहा वर्षे. वेनिया लेगेंडी म्हणजे अधिकार. पद नव्हे, पगार तर नव्हेच. असा माणूस 'प्रिवाटडोत्सेंट' होतो, सी.व्ही.तले 'पी.डी.' ते हेच. अधिकार टिकवायचा तर त्याला दर सत्रात थोडे शिकवावे लागते, आजही साधारण आठवड्याला २ तासिका, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. पोटापाण्याचे ज्याचे त्याने बघायचे. गुटेनबर्ग त्या काळात लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करत होते. म्हणून 'विद्यापीठ सोडून उद्योगात गेले' असे लिहिलेत तर चित्र चुकेल. 'प्राध्यापकपदाचे बोलावणे येईपर्यंत लेखापरीक्षणाच्या व्यवसायात' हे जास्त बरोबर.

गावांबद्दल: बदली नाही, भांडणही नाही. आपल्याकडे सहाय्यक प्राध्यापक म्हणून लागलेला माणूस 'कॅस' या पदोन्नती-योजनेखाली त्याच कॉलेजात सहयोगी आणि मग प्राध्यापक होतो. तिकडे ती शिडीच नाही. 'लेरश्टूल' म्हणजे अमुक विद्यापीठात, अमुक विषयाचे, अंदाजपत्रकात मंजूर असलेले एक पद. वर जायचे तर दुसऱ्या विद्यापीठाने बोलावले पाहिजे. त्या बोलावण्याला 'रूफ' म्हणतात. स्वतःच्याच विद्यापीठाने आपल्याच माणसाला पद देणे, म्हणजे 'हाउसबेरूफुंग', तत्त्वतः निषिद्ध. अपवाद आहेत, पण त्यासाठी सहसा डॉक्टरेटनंतर विद्यापीठ बदललेले हवे किंवा काही वर्षे बाहेर काम केलेले हवे. गुटेनबर्ग यांचेच शिष्य होर्स्ट अल्बाख घ्या. शिकले कोलोनला, पण १९६१ मध्ये प्राध्यापक झाले ते शेजारच्या बॉनला. क्लाउस्टाल (ती तेव्हा खाणकामाची अकादमी होती), येना, फ्रँकफुर्ट, कोलोन ही चढती भाजणी आहे. छोट्या जागेवरून मोठ्या लेरश्टूलकडे. कोलोनचे पद तर या विषयाचे जर्मनीतले एक संस्थापक ऑयगेन श्मालेनबाख यांच्या गादीचे, म्हणजे या विषयात त्याच्या वर काही नव्हतेच.

श्मालेनबाख यांचा उल्लेख करणार असाल तर एक लक्षात असू द्या. त्यांनी १९०३ मध्ये कोलोनलाच हाबिलिटात्सिओन केले आणि १९०६ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. हा आजच्या नियमाला अपवाद वाटेल, पण तेव्हा ते विद्यापीठच नव्हते. 'हांडेल्सहोखशूले' म्हणजे व्यापारी उच्चविद्यालय होते. अशी पहिली संस्था लाइपझिगला १८९८ मध्ये निघाली, कोलोनची १९०१ मध्ये. कोलोन विद्यापीठ झाले १९१९ साली. हा विषयच मुळात विद्यापीठांच्या बाहेर जन्मला आणि मागाहून आत आला. 'हे शास्त्र की हिशेबनिसी' हा टोमणा जर्मनीत पुढे कितीतरी वर्षे ऐकू येत होता. गुटेनबर्ग यांचे महत्त्व त्यामुळेच. त्यांनी श्रम, यंत्रसामग्री आणि कच्चा माल हे मूलघटक मानून त्यांची जुळणी करणारा निर्णयघटक वेगळा काढला आणि सगळा विषय उत्पादन-फलनाच्या (किती घटक घातले तर किती उत्पादन निघते, या गणिती संबंधाच्या) पायावर उभा केला. त्यावरून याच विषयाचे दुसरे प्राध्यापक कोनराड मेलेरोविट्स यांच्याशी झालेला पद्धतीचा वाद प्रसिद्ध आहे. त्यांच्या मुख्य ग्रंथाचे खंड तीन: उत्पादन (१९५१), विक्री (१९५५), वित्त (१९६९). पहिला खंड निघाला त्याच वर्षी ते कोलोनला आले, त्यामुळे त्याला 'कोलोनच्या वास्तव्याचे फळ' म्हणू नका. तिसरा तर निवृत्तीनंतरचा.

सी.व्ही.तले बाकीचे भराभर:

'ए.पी.एल. प्रोफेसर' म्हणजे पदाविना किताब. काही वर्षे प्रिवाटडोत्सेंट राहून चांगले काम केलेल्याला देतात. पगार त्याने वाढत नाही. 'होनोरारप्रोफेसर' या नावावर मराठी माणूस हमखास फसतो. उद्योग किंवा वकिलीसारख्या क्षेत्रातला मोठा माणूस, एखादा विषय शिकवायला येतो, बहुधा मानधनाशिवाय. 'डॉ. एच.सी. मुल्ट.' म्हणजे अनेक मानद डॉक्टरेट. 'एमेरिटस' आणि 'आय.आर.' (म्हणजे निवृत्त) यांत घोळ करू नका. जुन्या पद्धतीत एमेरिटसची अध्यापनाच्या कर्तव्यातून सुटका व्हायची पण प्राध्यापकी कायम राही. आजचे लोक सरळ निवृत्त होतात. गुटेनबर्ग यांना एमेरिटस म्हणणे बरोबर.

आणि 'रूफ नाकारला' ही ओळ मुद्दाम मिरवलेली असते. दुसऱ्यांना मी हवा होतो, असा तिचा अर्थ.

मिटेलबाऊ

वरचे उत्तर उत्तम आहे, पण ते लेरश्टूलवर बसलेल्यांचे जग झाले. तिथपर्यंत पोचण्याचा आजचा हिशेब वेगळा आहे. चौथ्या प्रश्नासाठी तो मांडतो.

पहिला टप्पा लेरश्टूलवर 'मिटआर्बाइटर', म्हणजे संशोधन-सहायक, म्हणून नोकरी, ई१३ वेतनश्रेणी, अर्धी ते पूर्ण वेळ. कागदोपत्री अर्धी असली तरी काम अर्धे नसते. ट्युटोरियल घेणे, शेकडो उत्तरपत्रिका तपासणे, बॅचलरचे प्रबंध बघणे, प्राध्यापकाच्या प्रकल्पाचे काम, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा प्रबंध. तोही आता बहुधा तीन निबंधांचा संच असतो. सहलेखक असतील तर कोणी किती काम केले याचे सहीचे निवेदन जोडावे लागते. ते शेवटच्या महिन्यात गोळा करायला गेलात की एक सहलेखक गायब असतो. निबंध पाठवतानाच लिहून घ्या.

तोंडी परीक्षा झाली म्हणून लगेच नावापुढे 'डॉ.' लावता येत नाही. प्रबंध नियमाप्रमाणे प्रकाशित करून प्रती ग्रंथालयात जमा झाल्यावर प्रमाणपत्र मिळते, किताब त्यानंतर.

दुसरी गोष्ट मुदतीची. २००७ च्या कायद्याने विद्यापीठातल्या मुदतीच्या नोकऱ्यांना डॉक्टरेटआधी ६ वर्षे आणि नंतर ६ वर्षे अशी कमाल मर्यादा आहे (वैद्यकात नंतरची ९). डॉक्टरेट ४ वर्षांत उरकली तर उरलेली २ पुढे मिळतात. मूल असेल तर प्रत्येकी २ वर्षे वाढू शकतात. बाहेरून निधी आलेल्या प्रकल्पावरच्या नोकरीचा आधार वेगळा, ती या हिशेबाबाहेर चालू शकते. मर्यादा संपली आणि रूफ नाही, की चाळिशीत बाहेर. बहुतेकांची वाट इथेच संपते, कोणी कितीही हुशार असो.

तिसरी गोष्ट 'युनिओरप्रोफेसुर', २००२ पासून. हाबिलिटात्सिओन न करता ३ + ३ वर्षांची प्राध्यापकी, मध्ये मूल्यमापन. २००४ मध्ये घटना न्यायालयाने ती आणणारा केंद्रीय कायदा रद्द केला, कारण शिक्षण हा राज्यांचा विषय. पण कल्पना टिकली आणि राज्यांनी ती आपापल्या कायद्यांत घेतली. वेतनश्रेणी डब्ल्यू१ (डब्ल्यू१ ते डब्ल्यू३ या प्राध्यापकांच्या चढत्या वेतनश्रेणी). इथे बघायची एकच गोष्ट: जाहिरातीत 'टेन्युअर ट्रॅक' लिहिले आहे का? नसेल तर सहा वर्षांनी रस्त्यावर. केंद्र आणि राज्यांचा १,००० टेन्युअर-ट्रॅक पदांचा कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने त्याच्याही आधी, २०१२ पासून, स्वतःची तशी पद्धत सुरू केली. त्यामुळे पूर्वीपेक्षा बरे आहे.

उपयोजित विद्यापीठे, म्हणजे जुनी फाखहोखशूले, ही आणखी एक वाट आणि लोक तिला उगाच नाक मुरडतात. हाबिलिटात्सिओन लागत नाही. डॉक्टरेट अधिक ५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव, त्यातली किमान ३ वर्षे उच्चशिक्षणाबाहेरची. पद बहुधा डब्ल्यू२, आणि आठवड्याला १८ तासिका. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला ८-९ असतात. या फरकातच संशोधनाला वेळ किती उरतो ते आले.

कोरा_हिशेब

दोघांचेही आभार. नोंदीतली 'विद्यापीठ सोडले' ही ओळ खोडली. दोन उपप्रश्न: आज हाबिलिटात्सिओन केलेच पाहिजे का? आणि रूफ येतो म्हणजे कागदावर नक्की काय घडते?

सोल_उन्ड_हाबेन

पहिल्याबद्दल मिटेलबाऊंशी थोडा असहमत आहे. 'युनिओरप्रोफेसुर आली, हाबिलिटात्सिओन गेले' असे सरसकट नाही. विपणन, संघटन, वित्त यांत स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियतकालिकांची आहे, तिथे हाबिलिटात्सिओन असले काय नि नसले काय, फरक कमी. पण कर, लेखापरीक्षण, जर्मन वाणिज्य कायद्याप्रमाणेचा ताळेबंद, अशा जर्मन भाषेला आणि कायद्याला बांधलेल्या विषयांत ते अजून वजन राखून आहे. जाहिरातीत 'हाबिलिटात्सिओन किंवा समतुल्य कामगिरी' लिहिलेले असते. समतुल्य म्हणजे काय ते निवड समिती ठरवते, आणि व्यवहारात ती प्रकाशनांची यादी बघते.

ती यादी मोजतात प्राध्यापकांच्या संघटनेच्या, फाऊ-हा-बे-च्या, नियतकालिक-श्रेणीने. ही संघटना १९२१ ची. श्रेणी ए+, ए, बी, सी, डी. २०१५ ची यादी बरीच वर्षे चालली, आता २०२४ ची आहे. सी.व्ही.त जुन्या यादीची श्रेणी लिहिलीत तर तसे नमूद करा, नाहीतर समितीतला कोणीतरी ताडून बघतो आणि विनाकारण संशय येतो. अशा मोजमापावर राग आहेच. २०१२ मध्ये 'हांडेल्सब्लाट' वृत्तपत्राच्या क्रमवारीतून मार्गिट ओस्टरलोह आणि आल्फ्रेड कीझर यांच्या पुढाकाराने तीनशेहून अधिक प्राध्यापकांनी आपले नाव काढून घेतले होते. क्रमवारी बोथट झाली, मोजणे थांबले नाही.

आता कागदावरचा क्रम. पद रिकामे होते, विद्यापीठ त्याचा विषय ठरवून जाहिरात देते. समिती बसते. तिच्यात प्राध्यापकांचे बहुमत, शिवाय मिटआर्बाइटर आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी. अर्जांतून सहा-सात जणांना बोलावतात. या फेरीला सगळे 'फोरझिंगेन' म्हणतात, म्हणजे गाऊन दाखवणे: संशोधनावर व्याख्यान, बॅचलरच्या मुलांना शिकवल्यासारखा नमुना-तास, आणि बंद दाराआड मुलाखत. मग निवडक नावे बाहेरच्या तज्ज्ञांकडे तौलनिक अभिप्रायासाठी जातात. उमेदवाराचा डॉक्टरफाटर (डॉक्टरेटचा मार्गदर्शक) किंवा सहलेखक तिथे चालत नाही. शेवटी तिघांची क्रमवार यादी. पहिल्याने नकार दिला तर दुसऱ्याला. सगळ्याला वर्ष सहज जाते, दोनही लागतात.

अर्ज कुठे पडतात:

सगळ्यात जास्त विषय न जुळल्याने. जाहिरात 'कंट्रोलिंग'ची (म्हणजे व्यवस्थापकीय हिशेब आणि खर्चनियोजनाची) आणि निबंध सगळे मनुष्यबळाचे, तर ए+ असूनही पहिल्याच बैठकीत बाजूला.

प्रत्येक निबंधावर डॉक्टरफाटरचे नाव. मग हा स्वतः काय करू शकतो, हा प्रश्न येतोच. डॉक्टरेटनंतरचे निदान एक-दोन निबंध त्यांच्याविना हवेत.

नमुना-तास. वीस मिनिटांत स्वतःचा शोधनिबंध कोंबला की विद्यार्थी-प्रतिनिधी विरोधात जातात. सांगितलेला विषय, पहिल्या वर्षाच्या पातळीवर, फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवून. योगदान-फरकाचे (किंमत वजा चल खर्च) उदाहरण घेतले तर किंमत ५०, चल खर्च ३०, स्थिर खर्च १०,००० असे आकडे घ्या, म्हणजे समतोल बिंदू (ना नफा ना तोटा) ५०० नग असा स्वच्छ येतो. चार दशांश स्थळांची उत्तरे तिथे नकोत.

रूफ म्हणजे फक्त पत्र. नेमणूक नव्हे. त्यानंतर वाटाघाटी, दोन वेगळ्या टेबलांवर. एक पदाची साधने: ई१३ ची किती पदे, सचिव अर्धा की पूर्ण, वार्षिक निधी, खोल्या. ही आश्वासने सहसा काही वर्षांपुरती असतात, मुदत आणि नंतर काय ते लेखी घ्या. दुसरे स्वतःचा पगार: डब्ल्यू२ किंवा डब्ल्यू३ चे मूळ वेतन राज्याप्रमाणे ठरलेले, वर 'कामगिरी-भत्ता' वाटाघाटीचा. (मूळ वेतन इतके कमी ठेवले होते की २०१२ मध्ये घटना न्यायालयाने हेसेन राज्याचे डब्ल्यू२ घटनाबाह्य ठरवले.) भत्ता कायमचा आहे की मुदतीचा, आणि निवृत्तिवेतनात धरला जातो की नाही, हे विचारायला लोक लाजतात आणि पंचवीस वर्षे नुकसान सोसतात. डब्ल्यू१ वर हा भत्ता नसतो, तिथे फार ताणू नका.

याच काळात आपले सध्याचे विद्यापीठही थांबवून घेण्याचा प्रस्ताव देऊ शकते. 'रूफ नाकारला' ही ओळ बहुतेकदा इथे तयार होते. आणि यादीतून गळलेल्या उमेदवाराला कोर्टात जायचा हक्क आहे. म्हणून निकाल कळवल्यावर नेमणुकीआधी साधारण दोन आठवडे थांबतात. प्रत्यक्ष नेमणूक-पत्र, ती 'उर्कुंडे', हातात पडल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.

मानहाइम_२

भाचीसाठी, मुद्द्याचे तेवढे.

तिथे नेट-सेट चालत नाही आणि लागतही नाही. लागते ती पात्रता: बॅचलर आणि मास्टर मिळून साधारण ३०० युरोपीय क्रेडिट (ई.सी.टी.एस.). तीन वर्षांचे बी.कॉम. आणि दोन वर्षांचे एम.कॉम. याचे गणित बहुधा बसते, पण 'आनाबिन' या अधिकृत यादीत आपले विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदली आहे ते आधी बघा. पी.जी.डी.एम. वाल्यांनी जास्त काळजी घ्यावी, कारण ती पदविका आहे आणि काही ठिकाणी मास्टरच्या बरोबरीची धरत नाहीत. एम.कॉम.ला प्रबंध नसेल तर प्राध्यापकमंडळ अट घालू शकते, एखादा प्रबंध किंवा काही परीक्षा पूरक म्हणून.

गुणांचे रूपांतर 'बायर्न सूत्रा'ने होते. १ सर्वोत्तम, ४ काठावर पास. सूत्र: १ + ३ × (कमाल − मिळालेले) ÷ (कमाल − पास). कमाल १००, पास ४०, मिळाले ७०, तर २.५. तेच गुण, पण पास ५० धरले तर २.८. म्हणून पास होण्याची टक्केवारी विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी गुणपत्रकावर किंवा वेगळ्या पत्रावर घ्या. ते नसेल तर तपासणारा आपल्या अंदाजाने आकडा धरतो. बऱ्याच ठिकाणी २.५ ही रेघ असते.

दोन प्रकारचे प्रवेश आहेत. एक लेरश्टूलवरची नोकरी: जाहिरात त्या लेरश्टूलच्याच पानावर येते, अर्ज प्राध्यापकाला जातो. दुसरा मानहाइमसारख्या ठिकाणचा संरचित कार्यक्रम: सुरुवातीला अभ्यासक्रम (अर्थमिती, संशोधनपद्धती), मग प्रबंध. तिथे प्रवेशपरीक्षेचे गुण मागतात. संख्याशास्त्र कच्चे असेल तर दुसऱ्यात पहिले वर्ष जड जाते.

प्राध्यापकाला पत्र लिहायचे तर एक पान. त्यांचा अलीकडचा एक निबंध, त्यातली एक उघडी राहिलेली गोष्ट, त्यासाठी आपल्याकडची विदा आणि पद्धत. 'आदरणीय सर, आपल्या महान मार्गदर्शनाखाली' छापाची पन्नास जणांना गेलेली पत्रे एका नजरेत ओळखू येतात.

भाषा: संशोधन इंग्रजीत होईल, पण बॅचलरची ट्युटोरियल पुष्कळ ठिकाणी जर्मनमध्ये. जर्मनची बी२ पातळी असेल तर नोकरीचे पर्याय दुपटीने वाढतात. पुण्यात माक्स म्युलर भवनात पातळ्या होतात, अर्ज करायच्या आधीच सुरू करा.

आणि तिने भारतात पीएच.डी. करून मग जायचे ठरवले तर तिथे नावापुढे 'डॉ.' लावू नये, मागे 'पीएच.डी.' लिहावे. काही देशांच्या पीएच.डी.ला 'डॉ.' लावायची मुभा आहे, त्या यादीत भारत नाही, आणि किताबाचा गैरवापर तिकडे फौजदारी गुन्हा आहे.

कोरा_हिशेब

गुणपत्रकावर पासची टक्केवारी छापलेलीच नाही. परीक्षा विभागाकडून वेगळे पत्र घ्यायला सांगतो.

मानहाइम_२

घेताना इंग्रजीत घ्या, आणि पास एकेका विषयाचे की एकूण सरासरीचे ते त्यात स्पष्ट लिहून घ्या. दोन्ही वेगळे असतील तर दोन्ही.